लहान अक्षरांचा पंच

मंगळवारी सकाळी संताजीराव मोहिते उपम्याच्या दुसऱ्या घासावर असताना बिंदुमाधव यांचा फोन आला. बिंदुमाधव हे होसूर रोडवरच्या एका मोठ्या क्रेन कंपनीतले माल तपासणारे अधिकारी. येत्या शुक्रवारी ते पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या मोहित्यांच्या कारखान्यात येऊन दोनशे चाळीस चेन पुली ब्लॉक पास करणार होते, निदान मोहिते मंडळींची तशी आशा होती. चेन पुली ब्लॉक म्हणजे साखळी ओढून टनभर वजन वर उचलणारी कप्पी. एकतीस वर्षांत एवढ्या मोठ्या कंपनीचे काम कारखान्याला प्रथमच मिळाले होते, त्यामुळे मोहित्यांच्या मल्लेश्वरमच्या घरात गेला महिनाभर बिंदुमाधव हे नाव देवांच्या खालोखाल घेतले जात होते.

फोनवर मात्र ते काही देवासारखे बोलले नाहीत. नमुन्यादाखल पाठवलेल्या दोन ब्लॉकांच्या पाटीवर वेबसाइटचा जो पत्ता आहे तो उघडत नाही, 'पान सापडत नाही' असे येते, आणि शुक्रवारी हेच झाले तर सगळा माल नापास होईल, एवढे कन्नडमध्ये शांतपणे सांगून त्यांनी फोन ठेवला. उपमा ताटलीतच राहिला.

ही पाटी म्हणजे संताजीरावांचा जीव की प्राण. प्रत्येक ब्लॉकवर एक पितळी पाटी, तिच्यावर किती टन ते, ब्लॉकचा नंबर, आणि खाली वेबसाइटचा पत्ता. तो पत्ता मोबाइलमध्ये टाकला की त्याच ब्लॉकच्या लोड टेस्टचा दाखला समोर यावा, अशी कंपनीची अट होती. क्यूआर कोड ग्रीसखाली दिसेनासा होतो म्हणून कंपनीला खोल उमटलेली अक्षरेच हवी होती, आणि खोल अक्षरे म्हटल्यावर संताजीराव दुसऱ्या कुणाला जवळ फिरकू देणार नव्हते. अंघोळ करून, कारखान्यातल्या देवापुढे उदबत्ती लावून ते बसत, लाकडी पेटीतला एकेक पोलादी पंच, म्हणजे अक्षराचा ठसा, पितळेवर उभा धरत आणि हातोडीचा एकच ठोका देत. टिंबासाठी सेंटर पंच, तिरक्या रेघेसाठी छिन्नी. दोनशे चाळीस पाट्या त्यांनी अशा एकट्याने ठोकल्या होत्या, आणि त्या ब्लॉकांवर रिवेट मारून बसवूनही झाल्या होत्या.

त्यांचा मुलगा गिरीराज गेली तीन वर्षे लेसर मशीन घ्या म्हणून त्यांच्या मागे लागला होता. लेसर एका मिनिटात पाटी कोरते, हे तो दर आठवड्याला नव्याने शोध लागल्यासारखा सांगे. संताजीराव ऐकून घेत आणि म्हणत, "एका मिनिटात केलेल्या पाटीकडं कोण दोन मिनिटं बघणार?"

फोन ठेवल्यावर घरातल्या चौघांनी चार मोबाइल काढले आणि पाट्यांच्या फोटोवरून पत्ता टाकून पाहिला. गिरीराजच्या फोनवर दाखला उघडला. त्याची आई सोयराबाई, त्यांच्या फोनवर उघडला. त्याची बायको शाल्मली लग्न होऊन चौदा महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेली, आयटी कंपनीत कामाला आणि सासऱ्यांची वेबसाइट हौसेने सांभाळणारी. तिच्या फोनवर तर पापणी लवायच्या आत उघडला. संताजीरावांच्या जुन्या फोनने जरा वेळ घेतला, पण उघडला. मग त्यांना धीर आला आणि त्यांनी बिंदुमाधवांना उलटा फोन लावून, सरांनी चष्म्याचा नंबर अलीकडे तपासला आहे का, अशी अत्यंत नम्र चौकशी केली.

"पाटीवर आहे तसंच टाइप केलंय मी," पलीकडून उत्तर आले. "अक्षर न अक्षर. माझं कामच ते आहे."

फोन स्पीकरवर होता. 'आहे तसंच' हे शब्द ऐकून शाल्मलीच्या हातातला चहाचा कप खाली आला. तिने पुन्हा पत्ता टाकला, या वेळी पाटीवर होता तसा, सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत. पान सापडत नाही.

"बाबा, एक मिनिट. आपण सगळ्यांनी स्मॉल लेटर्समध्ये टाइप केलं. पाटीवर सगळं कॅपिटल आहे."

"मग काय झालं? अक्षर तेच की."

"सर्व्हरला ते तेच वाटत नाही. वेबसाइटचं नाव कसंही टाका, चालतं. पण त्याच्यापुढे फाइलचं नाव येतं ना, तिथे मोठं अक्षर वेगळं आणि लहान वेगळं. आपल्या फाइल्स लहान अक्षरांत आहेत. मोठ्या अक्षरांची फाइल माझ्याकडे नाहीच, असं तो म्हणतो."

"इतकी वर्षं तर वेबसाइट कशीही टाकली तरी उघडायची."

"जुन्या सर्व्हरला फरक पडत नव्हता." शाल्मलीचा आवाज खाली गेला. "दोन महिन्यांपूर्वी मीच साइट नव्या सर्व्हरवर हलवली. फास्ट होईल म्हणून."

साइट फास्ट झाली होती यात शंका नव्हती. पान सापडत नाही हे आता पूर्वीपेक्षा कितीतरी लवकर कळत होते.

सोयराबाईंनी साधा प्रश्न विचारला, की मग तुम्ही पाटीवर लहान अक्षरे का नाही मारली. संताजीरावांनी त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांनी देवघरात चपला आणल्या होत्या. "पंचाच्या पेटीत सव्वीस अक्षरं असतात, सगळी मोठी. लहान अक्षरांचा पंच मी जन्मात बघितला नाही. पितळेवर कोण कुजबुजतं काय?"

गिरीराजला आपली वेळ आलेली दिसली. त्याने गळा साफ केला आणि पीण्यातच, वसाहतीच्या दुसऱ्या टप्प्यात, आपल्या मित्राचे लेसरचे दुकान आहे, तो लहान अक्षरांत शुक्रवारच्या आत पाट्या करून देईल, जुन्या काढून टाकू, असा बेत मांडला. संताजीराव उठले. रागावले की ते हळू बोलत.

"सरी, ठीक. शुक्रवारी माझ्या हातची एक पाटी जरी उघडली नाही, तर पंचाची पेटी माळ्यावर आणि तुझं लेसर कारखान्यात. पण तोपर्यंत माझ्या पाटीला हात लावायचा नाही."

असे म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि लहान अक्षरांचे पंच आणायला चिकपेटला निघाले. मिळाले तर शुक्रवारपर्यंत रात्रंदिवस जागून दोनशे चाळीस पाट्या नव्याने ठोकायची त्यांची तयारी होती. त्यांच्या पाठोपाठ गिरीराजही स्वल्प काम आहे असे सांगून बाहेर पडला. शाल्मली दोघांच्या पाठीकडे बघत राहिली. घोळ तिचा होता आणि माळ्यावर जाणार होती सासऱ्यांची पेटी, हे तिला अगदी लागले.

चिकपेटचा दुकानदार संताजीरावांना तीस वर्षे ओळखत होता. लहान अक्षरांचे पंच मागितल्यावर त्याने आधी त्यांची तब्येत विचारली. मग खुर्ची दिली, कॉफी मागवली, आणि सांगितले की असे पंच असतात म्हणे, पण आजवर कुणी मागितले नाहीत. मागवून देतो, तीन आठवडे लागतील. संताजीराव कॉफी पिऊन मेट्रोने परत आले. हात हलवत परत येणे त्यांच्या स्वभावात नसल्याने त्यांनी एक कानस आणि सोयराबाईंसाठी पितळी खलबत्ता आणला.

इकडे शाल्मलीला काम फार अवघड वाटले नाही. पाट्या बदलता येत नसतील तर फाइलींची नावे बदलावी. बुधवारी तिने ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून दोनशे चाळीस फाइलींची नावे मोठ्या अक्षरांत केली, लॅपटॉपला सगळे सर्व्हरवर चढवायला सांगितले आणि बाहेर येऊन जाहीर केले, की बाबा, झालं. सोयराबाईंनी लगेच शिऱ्याला रवा काढला. संताजीरावांनी मोठ्या अक्षरांत पत्ता टाकला. पान सापडत नाही.

शाल्मली पुन्हा आत गेली. लॅपटॉपवर नावे मोठ्या अक्षरांत दिसत होती, सर्व्हरवर लहानच होती. तासभर डोके धरून बसल्यावर उलगडा झाला. तिच्या लॅपटॉपच्या मते मोठे अक्षर आणि लहान अक्षर एकच, त्यामुळे नावात काही बदल झालाच नाही असे ठरवून त्याने काही पाठवलेच नव्हते. हे तिने सासूबाईंना समजावून सांगितले.

"म्हणजे तुझा लॅपटॉप यांच्यासारखाच," रवा भाजता भाजता सोयराबाई म्हणाल्या. "आपल्याला सारखं दिसतं ते जगाला सारखंच दिसणार, असं धरून चालतो."

मग शाल्मलीने लॅपटॉपला मधून काढले आणि थेट सर्व्हरवर जाऊन एकूण एक नाव बदलले. संध्याकाळी पहिला दाखला मोठ्या अक्षरांत उघडला तेव्हा संताजीरावांनी स्वतः उठून सुनेसाठी शिरा वाढून आणला. घरात हे प्रथमच घडत होते.

गुरुवारी सकाळी शाल्मलीने सासूबाईंना कारखान्यात नेले. कारण असे, की ती स्वतः किंवा गिरीराज पाटी वाचताना काय लिहिलेले असायला हवे तेच वाचणार. सोयराबाई मात्र भाजीवाल्याची पावतीही अक्षर न अक्षर वाचत. त्यांनी चष्मा लावला, सात नंबरच्या, म्हणजे पाटीवर ००७ असलेल्या, ब्लॉकपुढे स्टूल घेतले आणि टाइप केले. पान सापडत नाही. आठ नंबर, नाही. एकशे अकरा, उघडले. एकशे दहा, नाही.

शाल्मलीने त्यांच्या खांद्यावरून पाहिले. "आई, शून्य टाका ना. तुम्ही ओ टाकताय."

"इथं ओच हाय. हे बघ, गोल हाय अगदी. वरचा टनांचा पाचाचा आकडा केवढा उंच, नि हे बुटकं. शून्य असं असतं काय?"

दोघींनी वळून संताजीरावांकडे पाहिले. संताजीराव नवी कानस पुसत होते आणि ती फारच मन लावून पुसत होते. शेवटी त्यांनी कबूल केले. शून्याचा पंच बारा वर्षांपूर्वी गटारात पडला. तेव्हापासून ते शून्याच्या जागी अक्षरांतला ओ मारतात. गोल ते गोल, आजवर कुणी हरकत घेतली नाही.

शाल्मलीने कपाळाला हात लावला नाही, कारण तिच्या दोन्ही हातांत लॅपटॉप होता. जिथे जिथे शून्य होते तिथे तिथे ओ घालून तिने आणखी एकेक प्रत केली, म्हणजे बिंदुमाधवांना शून्य दिसो की ओ, दाखला उघडणारच. सोयराबाईंनी मग वीस पाट्या तपासल्या. वीसच्या वीस उघडल्या. त्यापुढे त्यांची कंबर धरली, पण वीस पुरेशा आहेत असे सगळ्यांचे मत पडले.

कारखान्याच्या दाराशी भिंतीवर तीन पितळी पाट्या होत्या. एक संताजीरावांच्या वडिलांची, एक त्यांची स्वतःची, आणि एक लोड टेस्ट करणाऱ्या जुन्या मिस्त्रींची. अडलेला माल ज्याने आपल्या अकलेने पास करून दाखवला त्याचे नाव तिथे लागे, असा वडिलांच्या काळापासूनचा रिवाज. चौथी जागा रिकामी होती. गिरीराज नऊ वर्षे त्या जागेसमोरून रोज येत-जात होता आणि आपल्याला तिचे काही वाटत नाही असे दाखवत होता. त्या गुरुवारी सगळे घरी गेल्यावर तो मागे रेंगाळला. हिशेब बघायचाय म्हणाला.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटे कमी असताना बिंदुमाधव आले. पिशवीतून त्यांनी स्वतःचे पेन काढले, स्वतःचे फडके काढले, आणि कॉफी काम झाल्यावर घेईन म्हणाले. मग पाच रांगांतून फिरून त्यांनी तिसऱ्या रांगेतला एक ब्लॉक निवडला, पाटी फडक्याने पुसली आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर पुटपुटत, पत्ता टाकला. संताजीराव हात मागे बांधून उभे होते.

दाखला उघडला. बिंदुमाधवांनी मान हलवली आणि पाचवी रांग गाठली. तिथल्या पाटीत दोन ओ होते. त्यांनी ते क्षणभर न्याहाळले, ओच टाकले, आणि दाखला उघडला. शाल्मलीने सासूबाईंचा हात दाबला. तिसरा आणि शेवटचा नमुना त्यांनी पहिल्या रांगेतून, अगदी दाराजवळचा घेतला. फडके फिरवले, टाइप केले. पान सापडत नाही.

त्यांनी पुन्हा टाइप केले. पुन्हा तेच. संताजीराव पुढे झाले, चष्मा नाकावर चढवून वाकले आणि पाटीवरून अंगठा फिरवला. मग सरळ उभे राहिले.

"ही पाटी माझी नव्हं."

"म्हणजे?" बिंदुमाधवांनी विचारले.

"लहान अक्षरं आहेत ही. माझ्या पेटीत लहान अक्षरं नाहीत."

सगळ्यांच्या माना गिरीराजकडे वळल्या. त्याने लगेच सांगून टाकले, लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते. मंगळवारी दुपारी त्याने मित्राकडून लेसरवर आठ पाट्या करून घेतल्या होत्या. त्याच संध्याकाळी पत्ते टाकून पाहिले होते, आठही उघडले होते. हाताच्या पाट्या दगा देतील या भीतीने, निदान समोरच्या आठ तरी उघडाव्यात म्हणून त्याने काल त्या पहिल्या रांगेत बसवल्या.

"मंगळवारी उघडत होत्या," शाल्मली त्याच्याकडे बघत म्हणाली. "बुधवारी मी फाइल्सची नावं बदलली. लहान अक्षरांची फाइल आता एकही नाही. तुझ्यासमोर तर सांगितलं होतं, गिरी."

त्या आठ फाइली लहान अक्षरांतही आत्ता करून देते, दोन मिनिटांचे काम, असे ती बिंदुमाधवांना म्हणाली. त्यांनी नकार दिला. एका लॉटला एकाच तऱ्हेची पाटी, हा त्यांचा नियम होता. एक वाजता ते निघणार होते. तोपर्यंत दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस पाट्या सारख्या दिसल्या तर ठीक, नाहीतर माल नापास.

गिरीराजने मित्राला फोन लावला. जुन्या पाट्यांसारखी मोठी अक्षरे लेसरने कोरून मागावी असा त्याचा विचार होता. मित्राने हसून सांगितले, की आज लाइनच्या कामासाठी पाच वाजेपर्यंत वीज बंद, मशीनवर आपण डबा ठेवून जेवतो आहोत. हे ऐकेपर्यंत मोहित्यांच्या शेडमधले दिवेही गेले.

संताजीरावांनी घड्याळ पाहिले. सव्वाअकरा. एका पाटीला त्यांना दहा मिनिटे लागत. ते नळावर गेले, हातपाय धुतले, देवापुढे उदबत्ती लावली. बिंदुमाधवांसारखा माणूस घड्याळ बघत उभा असतानाही उदबत्ती चुकली नाही. मग त्यांनी बाक उजेडात, दाराच्या तोंडाशी ओढून घेतला आणि पेटी उघडली.

"पोरी, तू अक्षर सांग नि पंच दे. गिरी, छिन्नी घे, तुझ्या पाट्या काढ."

असे काम त्या कारखान्यात पूर्वी झाले नव्हते. शाल्मली एकेक अक्षर म्हणे आणि तो पंच त्यांच्या हातात ठेवी. तिसऱ्या पाटीपासून तिला पेटीत बघावे लागेना, आणि शून्य आले की ती न सांगता ओ देई. हातोडीचा ठोका एकच पडे. गिरीराज एकीकडे लेसरच्या पाट्यांचे रिवेट तोडत होता आणि नव्या पाट्या बसवत होता, आणि खरे सांगायचे तर अतिशय सुबक बसवत होता. सोयराबाई प्रत्येक पाटी अक्षर न अक्षर वाचून पास करत होत्या. बिंदुमाधव आधी घड्याळ बघत होते. मग ते स्टूल घेऊन जवळ बसले, आणि पाचव्या पाटीला त्यांनी कॉफी मागून घेतली.

पाऊणला आठवी पाटी बसली. बिंदुमाधवांनी आठही पत्ते स्वतः टाकले, एका बोटाने, पुटपुटत. आठही उघडले. त्यांनी स्वतःचे पेन काढून सगळा माल पास केला आणि शेरा लिहिला: पाट्या हाताने ठोकलेल्या, अक्षरे मोठी व खोल, यापुढील सर्व मालावर अशाच असाव्यात. तो शेरा वाचताना संताजीरावांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. पुढच्या पाचशे ब्लॉकांचे बोलणे मोटारीत बसता बसताच झाले.

संध्याकाळी घरी आल्यावर शाल्मलीने सर्व्हरवर एकच ओळ घातली. आता पत्ता मोठ्या अक्षरांत टाका की लहान, दाखला उघडणार होता. म्हणजे लेसरची पाटीही चालणार होती. मंगळवारीच हे सुचले असते तर चार दिवसांची दमछाक वाचली असती, असे ती सोयराबाईंना म्हणाली आणि बाबांना सांगू का म्हणून विचारले. सोयराबाईंनी नव्या खलबत्त्यात वेलदोडे कुटत विचार केला.

"सांग की," त्या म्हणाल्या. "पण स्वल्प थांबून. दसऱ्यानंतर सांग."

तेव्हा जानेवारी नुकताच सुरू झाला होता.

शनिवारी सकाळी सगळे कारखान्यात पोचले तेव्हा दाराशी भिंतीवर चौथी पाटी लागलेली होती. शाल्मली मोहिते. मोठी इंग्रजी अक्षरे, खोल ठोके, आणि मोहितेमधला ओ या वेळी खरोखरच ओ होता. शाल्मलीने अक्षरांवरून बोट फिरवले आणि वाकून सासऱ्यांना नमस्कार केला. पुण्याहून आल्यापासून या घरात आपण पाहुणे आहोत असे तिला अधूनमधून वाटे, ते त्या सकाळी संपले.

गिरीराज बराच वेळ पाटीकडे बघत उभा राहिला. बायकोचा त्याला अभिमान वाटत होता, आणि नऊ वर्षांचा हिशेबही आठवत होता.

"छान झालीय अप्पा," तो म्हणाला. "माझी कधी लागणार?"

संताजीरावांनी पंच एकेक करून पेटीत जागच्या जागी ठेवले, झाकण लावले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"तुझी काय, एका मिनिटाचं काम. लेसरवर करून आण."